६० जीबी डिलीट केले, तरी सी ड्राइव्ह अजून लाल. मग जागा अडवून कोण बसलंय?

ताई, तुम्ही लिहिलंत त्याचा गोषवारा आधी देतो, म्हणजे हीच अडचण आलेल्या दुसऱ्या कुणालाही संदर्भ कळेल. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराची आवराआवर करताना सासऱ्यांची लाकडी पेटी निघाली. आत मोडीतले कागद, संस्थानच्या काळातले फोटो, पावत्या, पत्रं. गेले ८ महिने तुम्ही ते सगळं घरच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करता आहात. २५६ जीबीचा लॅपटॉप भरला, म्हणून बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेऊन लॅपटॉपवरचे सुमारे ६० जीबी डिलीट केले. तेव्हा बरीच जागा झाल्याचं आठवतं, नक्की किती ते पाहिलं नव्हतं. मग विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे म्हणून ६ दिवसांपूर्वी एका दुकानातून विंडोज ११ टाकून आणलं. घरी येऊन बघता तर सी ड्राइव्ह लाल, जेमतेम ४ जीबी मोकळे, आणि रिसायकल बिन उघडली तर रिकामी. दुकानदार म्हणतात, फॉरमॅट मारून देतो.

फॉरमॅट मारू देऊ नका. आणि सेटिंगमधलं ‘रिमूव्ह फाइल्स’ हे बटणही आज दाबू नका, कितीही मोह झाला तरी. तुमच्या लॅपटॉपवर जी जागा अडकली आहे तिच्यात कचरा थोडा आणि तुमचेच कागद जास्त असावेत, असा माझा अंदाज आहे. त्यातला मोठा भाग चार दिवसांनी विंडोज स्वतःहून पुसून टाकू शकतं. म्हणून उत्तर लांबलं तरी आजच शेवटपर्यंत वाचा.

सयाजीगंजात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करत मला २२ वर्षं झाली. ‘डिलीट केलं पण जागा झाली नाही’ हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. अशा वेळी माणसं घाबरून आणखी डिलीट करत सुटतात. जागा अडवलेली असते एकाने आणि उडवलं जातं दुसरंच. आधी कोणी किती जागा धरली आहे ते डोळ्यांनी बघायचं, मग हात लावायचा, हा क्रम मी कधी सोडत नाही.

तुम्ही स्टोरेजच्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. एकूण २३७ जीबी दिसतात ते ठीक आहे. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे २५६ चे २३८ होतात, आणि एखादा जीबी सुरुवातीच्या छोट्या पार्टिशनना, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या काढलेल्या तुकड्यांना, जातो. कोणी चोरलेले नाहीत. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की पट्टी लाल होते.

आता बाकीचे आकडे. सिस्टिम ४५, ॲप्स २०, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स मिळून ३८, ‘अदर’ म्हणजे इतर ६१, आणि टेंपररी फाइल्स ६९. टेंपररीवर क्लिक केल्यावर जी यादी उघडली तिच्यात ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ समोर ६८ जीबी आहेत. माझी नजर तिथेच अडली. जुनं विंडोज बाजूला ठेवलं तर ते साधारण १५ ते ३० जीबी भरतं, जुने प्रोग्राम धरून थोडं जास्त. ६८ होत नाही. इतकं जड झालंय म्हणजे त्याच्या पोटात माणसाच्या स्वतःच्या फायली आहेत.

हे कसं होतं ते सांगतो. विंडोज ११ टाकण्याच्या दोन रीती आहेत. चालू विंडोजमधून अपग्रेड केलं तर तुमच्या फायली जागच्या जागी राहतात आणि फक्त जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं. पण पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून, फॉरमॅट न मारता त्याच ड्राइव्हवर नवीन विंडोज टाकलं, तर जुनं सगळं बिऱ्हाड त्या फोल्डरमध्ये ढकललं जातं. जुनं विंडोज, जुने प्रोग्राम, आणि ‘युजर्स’ फोल्डरसकट तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो. मग दुकानातला मुलगा त्यातून तुमचे फोल्डर उचलून नव्या खात्यात कॉपी करून देतो. त्याने काही वाईट केलं असं मी म्हणत नाही, उलट फॉरमॅट न मारता काम केलं हे तुमचं नशीब. पण त्यामुळे तुमचे ३८ जीबी आता दोनदा आहेत, आणि त्यात नवीन विंडोज आणि प्रोग्रामांची भर पडली. तुम्ही कष्टाने मोकळी केलेली जागा त्यात गेली.

हे खरं आहे का ते तपासायला पाच मिनिटं लागतात. ‘धिस पीसी’ उघडा, सी ड्राइव्हमध्ये जा, तिथे ‘विंडोज डॉट ओल्ड’, त्यात ‘युजर्स’, त्यात तुमच्या जुन्या खात्याचं नाव. परवानगी नाही असं म्हणालं तर ‘कंटिन्यू’ म्हणा. आत डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स या चारही फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा आणि प्रत्येकाच्या फायलींची संख्या कागदावर लिहून ठेवा. मग नव्या खात्यातल्या त्याच चार फोल्डरांची संख्या बाजूला लिहा. दुकानातून डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स कॉपी होऊन येतात, पण डेस्कटॉप आणि डाउनलोड्स राहून जातात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. संख्या जुळली नाही तर जे फक्त जुन्याकडे आहे ते आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर न्या. नव्या डॉक्युमेंट्समध्ये आणू नका, तिथे जागाच नाही.

घाई का, तर विंडोज हे जुनं बिऱ्हाड साधारण १० दिवस सांभाळतं आणि मग न विचारता साफ करतं. तुमचे ६ दिवस झाले.

आणखी एक गोष्ट त्यात अडकली आहे, ती म्हणजे तुमचा स्कॅनर. जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर, म्हणजे त्याला विंडोजशी जोडणारी सॉफ्टवेअर, विंडोज ११ वर कधी चालतात, कधी चालत नाहीत. जुनं बिऱ्हाड काढण्याआधी स्कॅनर जोडून दोन पानं स्कॅन करून पाहा. तो चाललाच नाही तर जुन्या ‘प्रोग्राम फाइल्स’मधून स्कॅनरच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या फायली उचलून ठेवलेल्या पुढे उपयोगी पडतात. हे सगळं झालं, की मग मात्र सेटिंग, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स या वाटेने जाऊन प्रीव्हियस विंडोजवर खूण करा आणि काढून टाका. एका फटक्यात ६८ जीबी मोकळे होतील. ते फोल्डर हाताने डिलीट करायला जाऊ नका, परवानग्यांच्या भानगडीत अर्धवट अडकतं.

त्या यादीत खूण करताना एक जपा. तिथेच ‘डाउनलोड्स’ अशीही एक ओळ असते. टेंपररी म्हटल्यावर माणूस विश्वासाने सगळ्यांवर खूण करतो. इथल्याच वाडी भागातले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांच्या आईच्या आवाजातले अभंग बहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवले होते, ते उतरवून घेतले होते ते डाउनलोड्समध्येच. आई गेल्यावर वर्षभराने जागा करताना तीच खूण पडली. बहिणीचा फोन मधल्या काळात बदलला होता. लॅपटॉपमध्ये एसएसडी होती, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. मी दोन दिवस लावले आणि एकही अभंग हाती आला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला ही ओळ बोट ठेवून दाखवतो.

एसएसडीचा उल्लेख आला म्हणून डिलीट म्हणजे काय होतं तेही सांगून टाकतो, कारण रिकाम्या दिसणाऱ्या तुमच्या रिसायकल बिनचं कोडं त्यातूनच सुटतं. मांडवीची आपली सेंट्रल लायब्ररी डोळ्यांसमोर आणा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून जी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तिचं हे मुख्य केंद्र. अशा ग्रंथालयात पुस्तक शोधायचं ते आधी सूचीत. समजा सूचीतलं कार्ड कोणी ‘रद्द करायची’ असं लिहिलेल्या खोक्यात टाकलं, तर पुस्तक कपाटात तसंच आणि कपाट भरलेलंच. आपण डिलीटचं बटण दाबतो तेव्हा एवढंच होतं. ते खोकं म्हणजे रिसायकल बिन. बिन रिकामी केली की कार्ड फाटतं आणि ती कपाटातली जागा ‘वापरायला हरकत नाही’ असं ठरतं. जुन्या हार्ड डिस्कवर त्यानंतरही, नवीन काही लिहिलं जाईपर्यंत, पुस्तक तिथेच असायचं, म्हणून आम्ही ते परत काढून देऊ शकायचो. एसएसडीला मात्र विंडोज लगेच कळवतं की अमुक जागा आता नको, आणि ती जागा डिस्क स्वतःच आतून धुऊन ठेवते. याला ट्रिम म्हणतात. त्यामुळे एसएसडीवर बिन रिकामी केली किंवा शिफ्ट धरून डिलीट केलं, की परत मिळायची आशा जवळपास सोडायची.

आता तुमची बिन. ही बिन प्रत्येक ड्राइव्हला वेगळी असते आणि प्रत्येक खात्यालाही वेगळी. डेस्कटॉपवरचं चित्र एकच असतं, पण आत एक लपवलेलं फोल्डर आणि त्यात खात्यागणिक कप्पे. तुम्ही ६० जीबी डिलीट केले ते जुन्या विंडोजच्या खात्यातून. बिनला मर्यादा असते, त्यामुळे सगळे ६० तिच्यात राहिले नसतील, पण मर्यादेपुरते शेवटचे काही जीबी राहिले असणार. मग नवीन विंडोज आलं, नवीन खातं झालं, आणि त्या खात्याचा नवा कोरा कप्पा. तुम्ही उघडता तो हा नवा कप्पा. जुना कप्पा कोणाच्याच नावावर नाही, दिसत नाही, पण जागा धरून बसला आहे. तुमच्या ‘अदर’मधल्या ६१ जीबीमध्ये त्याचा वाटा असावा.

हे बघायला ‘विझट्री’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, घरच्या वापराला फुकट आहे. ते ड्राइव्हची मूळ सूचीच थेट वाचतं, म्हणून काही सेकंदांत अख्खा सी ड्राइव्ह आकाराप्रमाणे लावून दाखवतं. ‘विनडरस्टॅट’ आणि ‘ट्रीसाइझ’ हेही चांगले, जरा सावकाश. सुरू करताना राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणा, नाहीतर लपवलेल्या जागा दिसणार नाहीत. डॉलर चिन्ह आणि रिसायकल बिन असं नाव असलेलं फोल्डर शोधा. त्यात लांबलचक आकड्यांच्या नावाचे दोन कप्पे दिसले तर माझा अंदाज बरोबर. जड असलेला जुना. आतल्या फायलींची नावं बदललेली असतात, डॉलर आणि आर या अक्षराने सुरू होणारी, पण चित्राचा प्रकार सांगणारं शेवटचं टिफ किंवा जेपीजी तसंच असतं. दोनचार फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून उघडा. अख्खं फोल्डर डिलीट केलं असेल तर आतल्या फायलींची मूळ नावंही शाबूत सापडतील. हे तुमच्या हार्ड डिस्कवर आहेत याची खात्री झाली की मगच तो कप्पा काढायचा, आणि ते काम मी करेन किंवा कोणी जाणकार तुमच्या शेजारी बसून करेल. ॲडमिनिस्ट्रेटरच्या परवानगीने चुकीचं फोल्डर उडवलं तर विंडोज अडवत नाही.

‘अदर’मधला उरलेला भाग काय असेल? सी ड्राइव्ह उघडल्या उघडल्या थेट दिसणारी फोल्डर पाहा. स्कॅनरची बरीच सॉफ्टवेअर आपलं वेगळं फोल्डर करतात आणि स्कॅन केलेलं मूळ पान तिथे ठेवतात. तुम्ही पीडीएफ म्हणून जतन करता ती फाइल डॉक्युमेंट्समध्ये जाते आणि मूळ टिफ मागे राहतो. नवीन विंडोज टाकताना ही फोल्डर हलत नाहीत. मला वाटतं ४० जीबीच्या वर माल तिथे निघेल, आणि तो कचरा समजू नका. तीच तुमची सगळ्यात चांगली प्रत असू शकते.

कोणाचा प्रश्न फोटोशॉप किंवा व्हिडिओच्या कामाचा असेल तर त्यांनाही विझट्रीच्या याच यादीत उत्तर सापडेल. फाइन आर्ट्सची एक विद्यार्थिनी आली होती, चित्रांची फोल्डरं उडवून उडवून थकलेली. फोटोशॉप मध्येच बंद पडायचं, आणि दर वेळी त्याची काही जीबींची टेंप फाइल मागे राहायची. अशा ११ फायली टेंप फोल्डरमध्ये पडून होत्या. फोटोशॉप बंद करून त्या काढल्या, तिच्या चित्रांना हातही लावावा लागला नाही. व्हिडिओ जुळवायच्या प्रीमियरमध्ये ‘मीडिया कॅश’ असाच वाढतो, तो प्रेफरन्सेसमधूनच साफ करता येतो. टेलिग्रामचंही तसंच, त्याच्या सेटिंगमध्ये साठा कमी करायची सोय आहे.

आता तुमच्या कामाच्या मुळाशी येतो, कारण ही जागा झाली तरी पेटीत अजून निम्मे कागद आहेत असं तुम्ही म्हणता. ए-फोर पान ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलं की आडवे सुमारे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके होतात. गुणाकार ३ कोटी ४८ लाख. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे १० कोटी ४४ लाख बाइट, एका पानाला जवळजवळ १०० एमबी. ६०० पानं झाली की ६० जीबी. तेच पान ३०० डीपीआयवर घेतलं तर दोन्ही बाजू निम्म्या, म्हणून आकार चौथाई, २५ एमबी. मोठ्या अक्षरातल्या पावत्या, छापील अर्ज, पाकिटं यांना ३०० भरपूर झाले. पोस्टकार्डाएवढे किंवा त्याहून छोटे फोटो मात्र ६०० नेच घ्या, त्यात माणसांचे चेहरे नखाएवढे असतात. मोडीतली पत्रं ४०० वर घेऊन एखाद्या मोडी वाचणाऱ्याला दाखवा आणि त्यांना सोयीचं वाटलं तर तेच ठेवा.

आकार कमी करायचा म्हणून मोडी कागद निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करू नका, हे मी हात जोडून सांगतो. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून त्याखाली अक्षरं लिहायची रीत, शब्द तोडलेले नसतात, बोरूचा फटकारा कुठे जाड तर कुठे केसाएवढा. फिकट शाईतली बारीक रेघ काळ्या-पांढऱ्यात तुटते आणि एका अक्षराचं दुसरंच दिसू लागतं. शिक्क्याचा रंगही जातो. रंगीत घ्या, फार तर राखाडी छटेत घ्या, त्याने आकार एक तृतीयांश होतो. टिफ जतन करताना एलझेडडब्ल्यू हा फाइल आवळायचा पर्याय निवडला तर एकही ठिपका न गमावता फाइल लहान होते, किती ते कागदाच्या डागांवर अवलंबून. आणि रोज उघडून बघायला, नातेवाइकांना पाठवायला जेपीजीची हलकी प्रत वेगळी काढा. लॅपटॉपवर ती हलकी प्रत ठेवली की पुरे. जेपीजी किंवा व्हिडिओ झिप करून जागा वाचवायच्या नादी लागू नका, ते आधीच आवळलेले असतात.

मूळ प्रती कुठे ठेवायच्या? इथे मला तुमची खरी काळजी वाटते. तुम्ही लिहिलंत, ‘हार्ड डिस्कवर बॅकअप घेतला आणि लॅपटॉपवरून काढलं.’ ताई, लॅपटॉपवरून काढल्यावर हार्ड डिस्कवरची प्रत बॅकअप राहिली नाही, ती एकुलती एक प्रत झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, त्यानंतर दोन महिने माझ्या टेबलावर गाळ भरलेल्या हार्ड डिस्कच येत होत्या. खालच्या कपाटात ठेवलेल्या. कित्येकांच्या बाबतीत लॅपटॉप आणि डिस्क एकाच खणात होते, दोन्ही एकदम गेले. एक डिस्क घरात वरच्या मजल्यावर, दुसरी वेगळ्या भागात राहणाऱ्या भावाकडे किंवा मुलीकडे, असं ठेवा. सहा महिन्यांनी एकदा दोन्ही जोडून पाहा. आणि कॉपी झाली म्हणजे काम झालं असं धरू नका. फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, अधूनमधून वीसेक फायली उघडून पाहा, पानाच्या खालच्या कडेपर्यंत. केबल सैल असली तर फाइल अर्धवट जाते आणि नाव मात्र पूर्ण दिसतं.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, तिच्याबद्दल एक सावधगिरी. नवीन विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स पुष्कळदा वनड्राइव्हला जोडले जातात. फुकट जागा ५ जीबीच, त्यामुळे ‘भरलं’ असा निरोप तुम्हाला येत असेल. वनड्राइव्हमधल्या फोल्डरातून फाइल डिलीट केली तर ती ढगातूनही, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यातूनही, जाते. तिथल्या बिनमध्ये वैयक्तिक खात्याला ३० दिवस राहते, मग संपलं. लॅपटॉपवरची जागा सोडवायची पण ढगातली प्रत ठेवायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ म्हणा, डिलीट नव्हे. हिरवी खूण जाऊन निळसर ढगाचं चित्र आलं की फाइल फक्त वर आहे. गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यातही फाइल ३० दिवस राहते आणि तेवढे दिवस तुमच्या १५ जीबीतच मोजली जाते.

बाकीच्या किरकोळ जागा भराभर सांगतो. विंडोज अपडेटचे उरलेले तुकडे आणि ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ टेंपररीच्या यादीतून बिनधास्त काढा. सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत परत न्यायची सोय, चालू असेल तर ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये त्याची कमाल जागा कमी करता येते, पूर्ण बंद करू नका. हायबरनेशनची (चालू काम डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करण्याची) फाइल बंद केली तर ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ३ जीबीच्या आसपास सुटतात, पण बॅटरी संपत आली असताना काम वाचवते ती हीच. माझं मत, राहू द्या. आयफोन जोडत असाल तर त्याचे जुने बॅकअप बघा, ते फार मोठे निघतात. आउटलुकमध्ये मेल डिलीट केले तरी त्याची फाइल तेवढीच राहते, तिला ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ करावं लागतं.

विझट्रीमध्ये ‘विनएसएक्सएस’ आणि विंडोजमधलं ‘इन्स्टॉलर’ ही फोल्डरं जड दिसतील. त्यांना हात लावू नका. पहिल्यातल्या पुष्कळ फायली दुसरीकडेही त्याच नावाने जोडलेल्या असतात, म्हणून आकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो. दुसरं उडवलं तर पुढे प्रोग्राम ना काढता येत, ना अपडेट होत. आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करून वेग वाढवतो म्हणणारं कुठलंही क्लीनर टाकू नका. जागेचा आणि रजिस्ट्रीचा संबंध नाही.

मुलीच्या मॅकवरही असंच होतं म्हणालात. तिला तीन ठिकाणं बघायला सांगा. डॉकमधला ट्रॅश, फोटो ॲपमधलं ‘रीसेंटली डिलीटेड’, तिथे फोटो महिनाभर राहतात, आणि टाइम मशीन या मॅकच्या बॅकअपच्या स्थानिक नोंदी, ज्या साधारण २४ तास जुनी अवस्था धरून ठेवतात. त्यामुळे मॅकवर आज काढलेली जागा कधीकधी उद्या दिसते. तिचा पेनड्राइव्ह तुम्ही वापरता का? मॅकवर पेनड्राइव्हमधली फाइल डिलीट केली की ती त्याच पेनड्राइव्हवरच्या लपवलेल्या ट्रॅशमध्ये जाते. मॅकला जोडलेला असतानाच ट्रॅश रिकामा करायचा, नाहीतर तुमच्याकडे तो ‘रिकामा पण भरलेला’ येतो. लिनक्स वापरणाऱ्यांचंही पेनड्राइव्हच्या बाबतीत हेच.

हे सगळं झाल्यावर हिशेब असा बसेल: जुनं बिऱ्हाड ६८, बिनचा जुना कप्पा असेल तितका, आणि स्कॅनरच्या फोल्डरमधल्या मूळ प्रती दोन डिस्कवर पोहोचल्यावर तिथले ४० च्या आसपास. शंभराहून जास्त जीबी मोकळे व्हायला हरकत नाही. त्यातले ३५ ते ४० कायम मोकळेच ठेवा, एसएसडी गच्च भरली की मंदावते आणि अपडेटही अडतात. लॅपटॉपमध्ये मोठी एसएसडी बसवायचा विचार असेल तर आधी मॉडेल कळवा, काहींत ती बोर्डालाच चिकटवलेली असते. पण तुमच्या कामाला मी दुसरी बाहेरची डिस्क आधी घ्यायला सांगेन.

आज रात्री फक्त एवढंच करा. विंडोज डॉट ओल्डमधल्या चार फोल्डरांच्या फायलींची संख्या लिहून काढा, आणि जे दुसरीकडे कुठेच नाही ते हार्ड डिस्कवर न्या. उद्या विझट्रीच्या पडद्याचा फोटो पाठवा. डिस्कवर कॉपी होता होता अडलं, किंवा जुन्या खात्याचं फोल्डर उघडेचना, तर काहीही न दाबता लॅपटॉप बंद करा आणि चार्जर, हार्ड डिस्क, तिची केबल असं सगळं घेऊन या. स्कॅनरही आणलात तर तो विंडोज ११ वर चालतो का ते तिथल्या तिथे बघून टाकू.